शाई लागली की झालं

बुक्का लावून झाला की लोक उठायला लागले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आमच्या कुंभारवेशीतल्या गोपाळकृष्णाच्या देवळात एकादशीला कीर्तन असतं. पूर्वरंगात एक विषय घेऊन तो उकलायचा, मग नामघोष, कीर्तनकाराला हार, श्रोत्यांना बुक्का, आणि त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. खरं सांगायचं तर आम्ही सगळे त्या आख्यानाच्या लोभानेच बसलेलो असतो. बुक्क्याची वाटी कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. ओळीओळीतून वाकत जायचं, प्रत्येक कपाळाला बोट टेकवायचं, समोरच्याने हात जोडून मान लववायची. त्यामुळे माणसांचे चेहरे मला फार जवळून दिसतात.

त्या एकादशीला बोट टेकवलं आणि समोरच्या चेहऱ्यावर एक हसू पसरलं. दूध पिऊन झाल्यावर तान्हं बाळ हसतं ना, ओठांच्या कडेने थोडं दूध ओघळत असतं, तसं. बाळाला ते शोभतं. मिशी राखलेल्या बँक मॅनेजरला शोभत नाही. मी पुढच्या कपाळाकडे वळले, तिथेही तेच. त्याच्या पुढच्याही. आणि मग ती माणसं उठली, सतरंजीवरच्या आपल्या पिशव्या घेतल्या आणि दाराकडे निघाली.

गौतमीताई कीर्तनाला उभ्या होत्या. हातातल्या झांजा तशाच धरून त्या म्हणाल्या, "अहो, बसा की! आख्यान अजून व्हायचंय, त्यातला राजपुत्र विहिरीतच आहे. त्याला वर तरी काढू द्या मला!"

"झालं की ताई. फार छान झालं," बँक मॅनेजर म्हणाले आणि चपला शोधू लागले.

पेटीवाल्याचा हात सुरावरच राहिला. आम्ही मूठभर बायका उरलो. ताईंनी राजपुत्राला वर काढलं, पण त्यांच्या आवाजात जीव नव्हता. घरी येऊन मी हे सगळं सुनेला सांगितलं.

"'कृतार्थ' नावाच्या अंगठीचं काम आहे ते," माझी सून म्हणाली.

मृण्मयी शाळेत विज्ञान शिकवते. समोर वालपापडी घेऊन बसली होती. तिने डावा हात पुढे केला. मधल्या बोटात करड्या रंगाची अंगठी होती. मग मान वळवून कानामागची टिकली दाखवली, डाळीएवढी.

"तुझ्याकडे पण आहे?"

"सगळ्यांकडेच आहे, आई. तुम्हीच डबीत घालून देवघरात ठेवून दिलीये. ऐका. एखादं काम करायचं ठरवलं की मनाला एक ओढ लागते. गॅस बंद केला की नाही, असं सारखं वाटत राहतं ना, तशी. काम झालं की मेंदूच्या आत, खोलवर, एक गाठ आहे, ती 'झालं' असं म्हणते. ती तसं म्हणाली की ओढ थांबते आणि बरं वाटतं. शास्त्रज्ञांना ती गाठ नेमकी सापडली. ही टिकली कानामागून अगदी बारीक ध्वनिलहरी सोडते. आपल्याला ऐकू येत नाहीत, पण त्या गाठीपर्यंत पोचतात आणि ती जागी होते. म्हणजे व्यायाम केला की लगेच बरं वाटतं. मग माणूस उद्या परत व्यायाम करतो."

"आणि काम झालं हे टिकलीला कोण सांगतं?"

"अंगठी. आपण आपल्या उद्दिष्टांची यादी द्यायची. चालण्यासाठी पावलं मोजते, पाण्यासाठी घोट. प्रत्येक कामाची एक खूण असते. ती दिसली की अंगठी हिरवी होते."

"कीर्तनाची खूण काय?"

मृण्मयी विचारात पडली, मग खळखळून हसली. "देवळात बसलेल्या माणसाने हात जोडून मान लववली की कीर्तन संपलं, असं शिकली असेल ती. शेवटी आरतीला आपण तसंच करतो ना. पण बुक्क्यालाही करतो! बिचारीला काय कळणार?"

"बिचारी? अगं, माणसं आख्यान सोडून गेली."

"पण त्यांना ऐकल्यासारखं वाटलं."

"तेच तर!" मी म्हटलं. वालाची एक शेंग आतून किडलेली निघाली. मी ती बोटांनी लांब भिरकावली.

"काढून ठेवली की काय होतं?"

"काही नाही. दबलेली ओढ परत येते. थोडा वेळ फार कावराबावरा होतो माणूस."

आता तन्मयबद्दल सांगायलाच हवं. तो माझा मुलगा आहे आणि शुद्धीत असतो तेव्हा फार गोड आहे. देवळाच्या गल्लीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान आहे. कचेरीतून घरी यायचा रस्ता तिथूनच. मागच्या शिमग्याला त्याने मृण्मयीच्या अंगावर कढईतलं पिठलं फेकलं. कोपरापासून मनगटापर्यंत फोड आले. दुसऱ्या दिवशी तिच्या पायांशी बसून रडला, आणि संध्याकाळी स्वतःच अंगठी घालून आला. यादीत दोनच गोष्टी. दुकानासमोरून न थांबता जाणे. घरात बायकोशी भांडण न करणे.

पहिले काही दिवस आम्ही देवापुढे साखर ठेवली. मग मी एकदा भाजी घेऊन येताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तन्मय दुकानासमोरून ताठ मानेने गेला, पुढच्या चौकात पोचला, अंगठी हिरवी झाली. तो थांबला. चेहऱ्यावर तेच दूध ओघळल्यासारखं हसू. आणि शांतपणे वळून दुकानात शिरला.

घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "आई, गेलो ना मी न थांबता? एवढं जिंकून आलेल्या माणसाने एक घोट घेतला तर काय बिघडलं?" त्याच्या तोंडाला वास येत होता आणि डोळ्यांत काडीचीही लाज नव्हती. पूर्वी लाज तरी असायची. पिऊन आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्या भिंतीकडे वळलेल्या पाठीवर मी आशा लावून होते. ती पाठही या अंगठीने नेली.

त्या आठवड्यात मृण्मयीने बाटलीच्या मतदानाचा अर्ज लिहिला. दारूचं दुकान बंद करायचं असेल तर बायकांनी सह्या करून मतदान मागायचं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आता कागद जाऊन यंत्र आलंय, पण चित्रं तीच. दुकान बंद व्हायला प्रभागातल्या मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली दाबायला हवी. आलेल्यांपैकी निम्म्या नाही, यादीतल्या सगळ्यांपैकी. म्हणजे जी घरी बसली, तिने न बोलता दुकानालाच मत दिलं.

"दुकान गेलं तर तो सुटेल, आई," मृण्मयी म्हणाली. "दुसरं दुकान पार नदीपलीकडे आहे. तिथवर जाईल एवढा उत्साही तो नाही, आळशी आहे."

"माझाच मुलगा आहे तो."

"म्हणूनच सांगतेय."

"आणि नाही गेलं तर?"

ती शाळेच्या वह्या तपासत होती. लाल पेन थांबलं नाही. "तर मी जाईन. फोड परत येईपर्यंत वाट नाही बघणार."

मला दुसरी लेक नाही. ही पोर या घरात आली तेव्हापासून माझ्या शेजारी कीर्तनाला बसते, आख्यानात रडू आलं की माझ्या पदराला डोळे पुसते. ती गेली तर या घरात मी आणि तो वास, दोघंच राहणार होतो.

सह्या भराभर जमल्या. प्रश्न होता बायकांना घराबाहेर काढायचा. कोणाला पाणी भरायचंय, कोणाच्या घरी पाहुणे, कोणाचा नवरा डोळे वटारतोय. तेव्हा मृण्मयीलाच ते सुचलं. देवळाच्या ओट्यावर बायकांना जमवून ती म्हणाली, "सगळ्यांनी आपापल्या यादीत एक उद्दिष्ट घाला. मतदान करणे. मग बघा, ओढच लागेल. घरात बसवणारच नाही."

"खूण काय ठेवायची, मॅडम?" रंजना शिंपिणीने विचारलं.

"ती अंगठी स्वतःच सुचवते. बोटाची शाई. आत काय दाबलं हे कुणालाच कळता कामा नये, यंत्रालासुद्धा नाही, कायदाच आहे तसा. उघड दिसणारी खूण शाईचीच. त्या शाईत चांदीचा क्षार असतो, तो अंगठीतल्या बारीक डोळ्याला ओळखता येतो. मागच्या नगरपालिकेला आपण बाहेर येऊन बोटाचा फोटो काढायचो, आठवतंय? आता तेवढंही करायला नको. आपोआप."

"माझा नवरा म्हणतो, तू कशाला जातेस, तुझं एक मत नसलं तर काय होईल."

"त्याला म्हणावं, तुझी एक बाटली नसली तर काय होईल?"

ओटा हसून हसून थरथरला. मीही हसले. बुक्क्याचा प्रकार मी पाहिला होता, तिला सांगितलाही होता, आणि तरी आम्हा दोघींनाही त्या दिवशी शाई आणि बुक्का एका ओळीत मांडता आले नाहीत. बायका येणार, एवढंच आम्हाला दिसत होतं.

आणि त्या आल्या. देवाशपथ सांगते, मतदानाच्या दिवशी नगरपालिकेच्या शाळेबाहेर जी रांग लागली, तशी मी जन्मात पाहिली नाही. बाळंतिणी आल्या, काठी टेकत आज्या आल्या, लग्नाच्या हळदीतून उठून एक नवरी आली. दारावर शिपाई फोन काढून ठेवायला सांगत होता. अंगठ्यांचं त्याला काही वाटलं नाही, त्याच्याही बोटात होतीच. मृण्मयी सकाळपासून घरोघरी फिरून बायका आणत होती. शेवटी मीच तिला ओढत रांगेत आणलं आणि माझ्या पुढे उभं केलं.

मतदानाच्या खोलीची रीत सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या टेबलावर नाव, दुसऱ्यावर सही आणि बोटाला शाई, मग कोपऱ्यातल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे यंत्र. मी दारातून आत पाहिलं. दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी रंजनाच्या बोटाला शाईची काडी लावली.

रंजनाच्या चेहऱ्यावर ते हसू पसरलं.

ती टेबलापासून वळली, आडोशाकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि बाहेरच्या दाराने निघून गेली. तिच्यामागची गेली. हळदीची नवरी गेली, पिवळ्या हाताची, तृप्त. अधूनमधून एखादी माझ्यासारखी बिनअंगठीची बाई आडोशामागे जायची आणि यंत्राचा लांबलचक आवाज यायचा. मग परत शाई, हसू, दार.

"अहो, मत राहिलं!" केंद्राध्यक्ष ओरडले. आवाजावरून ते सकाळपासून ओरडत असावेत.

"झालं की," जी ती म्हणत होती.

त्यांनी कपाळाला हात लावला. "मत न देता जायचा हक्क आहे त्यांना. मी हात धरून थांबवू शकत नाही," ते शेजारच्या पोलिसाला म्हणाले आणि पुन्हा काहीतरी लिहायला लागले.

पुढे मृण्मयी. मी तिचा दंड धरला. "मृण्मयी, अंगठी काढ. आत्ता काढ. शाई लागल्यावर थांबायचं, ऐकतेस ना? बटण..."

"आजी, इथे बोलायचं नाही!" पोलीस पुढे आला. "प्रचार समजतील. मागे व्हा."

"आई, मला माहितीये काय करायचं ते," मृण्मयी हसून म्हणाली. अर्जावर पहिली सही तिची. हातावर भाजल्याचे डाग तिचे. तिने सही केली, डावा हात पुढे केला. शाईची काडी नखावरून खाली उतरली. अंगठी हिरवी झाली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि तो चेहरा माझ्यादेखत पुसला गेला. ती वळली.

"मृण्मयी!" मी ओरडले. "पोरी, बाटली!"

"झालं ना, आई," ती म्हणाली. इतक्या गोड आवाजात, की मला शिसारी आली. माझ्या लेकीची मला शिसारी आली. मागे वळूनही न पाहता ती उन्हात गेली.

मी आडवी बाटली दाबली आणि धावले. मांडवात ती रंजनाबरोबर कोकम सरबत पीत होती. हाताला धरून मी तिला परत दाराशी आणलं. केंद्राध्यक्ष बाहेर आले, बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. पण म्हणाले, "सही झाली, शाई झाली, त्या बाहेर पडल्या. आता आत घेता येत नाही, आजी. नियम आहे."

"जाऊ द्या ना आई," मृण्मयी म्हणाली. "सरबत घ्या तुम्हीपण."

संध्याकाळी निकाल लागला. रांग एवढी, आणि आडव्या बाटलीला निम्म्याच्या जवळपाससुद्धा मतं नाहीत. दुकानाच्या मालकाने गल्लीत पेढे वाटले. आमच्या दारातही त्याचा माणूस डबा घेऊन उभा राहिला. "वहिनींनी फार मेहनत घेतली, शेठनी मुद्दाम पाठवलेत," असं म्हणून दात काढले. मी पुढे होण्याआधी मृण्मयीने एक उचलला. खाल्ला.

"चांगला आहे, आई. खव्याचा."

तन्मय आला तेव्हा दिवेलागण होत होती. भिंतीला धरून आला. ताटात भात कच्चा आहे म्हणून ओरडला, भांडं आपटलं. आणि ती, जी शिमग्यापासून त्याच्या पावलांच्या आवाजाने दचकत होती, ती शांतपणे सांडलेलं पुसत होती. ओठांवर हसू तसंच.

"तू जाणार होतीस," मी हळूच म्हटलं.

"कुठे? का? आपण प्रयत्न केला ना. आपलं काम झालं. मला फार बरं वाटतंय आज."

मी देवघरात जाऊन बसले. जे मी मागितलं होतं ते मला मिळालं होतं. सून घरात राहणार होती. रोज भात वाढणार होती, माझ्या शेजारी कीर्तनाला बसणार होती, बुक्का लागला की उठणार होती. मला फक्त गप्प बसायचं होतं. समोर समई होती, डबीत माझी अंगठी होती, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला देवाचीसुद्धा लाज वाटली, त्याने माझ्याकडे बघू नये असं वाटलं.

सकाळी तन्मय कामावर गेल्यावर मी खोबरेल कोमट केलं.

"बस. केस बघ कसे झालेत. धावपळ केलीस एवढी."

ती माझ्या पुढ्यात पाय दुमडून बसली. मी तेल टाळूवर जिरवलं. मग म्हटलं, "कानामागे तेल लागेल, टिकली काढते. आणि अंगठीही दे, मागे हात घालून माझ्याबरोबर विंचरशील तर बरबटेल."

तिने दिली. मी दोन्ही पदराच्या गाठीत बांधली आणि मालिश करत राहिले. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. पातेल्यातलं दूध वर यायला लागलं, मी उठले नाही. हळूहळू माझ्या बोटांखाली तिचे खांदे ताठ होत गेले.

"आई," ती म्हणाली.

"हं."

"काल मी आत गेले होते. शाई लावली." तिने बोट डोळ्यांसमोर धरलं. "मग... मी बटण दाबलं का?"

माझे हात थांबले. हो म्हटलं असतं तर चाललं असतं. कुणी तपासणार नव्हतं.

"नाही गं बाळा."

ती उठली. मग न्हाणीघरात गेली आणि मला दगडाचा आवाज आला. ती बोट वजरीने घासत होती. लिंबू, साबण, राख, सगळं झालं. नखाच्या कडेने रक्त आलं, शाई गेली नाही. ती जात नाही. नख वाढेल तशी पुढे सरकत राहते.

"नको घासू."

"हे माझ्या बोटावर खोटं लिहिलंय, आई! मी सगळ्यांना सांगत फिरले. मीच सांगितलं. मी पेढा खाल्ला!" आणि ती तिथेच मोरीत ओकली. मी तिची पाठ धरून उभी होते. मला त्या ओकारीचा एवढा आनंद झाला की काय सांगू. माझी मृण्मयी परत आली होती.

दुपारच्या आधी तिने बॅग भरली. मी दशम्या बांधून दिल्या. दारात तिला कुंकू लावताना तिने माझा हात धरला.

"तुम्हाला ठाऊक होतं, काढली की मी जाणार."

"होतं."

"चला माझ्याबरोबर."

"इथल्या मतदार यादीत नाव आहे माझं. पुढच्या वर्षी परत अर्ज करता येतो." मी तिच्या पदराने डोळे पुसले, या वेळी मी. "आणि गौतमीताईंना सांगायचंय, बुक्का आख्यान झाल्यावर लावत जाऊ. रीत मोडली तरी चालेल. तुझं नाव काढून घेऊ नकोस यादीतून."

"नाही काढत. मी येईन. उघड्या बोटांनी."

रिक्षा वळणाआड गेली.

संध्याकाळी तन्मय आला. नेहमीसारखाच, भिंतीला धरून. मी पाट मांडला, पान वाढलं. त्याने स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं, खोलीत पाहिलं. कपाट उघडं, खुंटीवरची ओढणी नाही.

"मृण्मयी?"

"गेली. माहेरी. तुझ्यामुळे गेली."

त्याचा चेहरा हलला. मी बघत होते. खालचा ओठ थरथरला, डोळे भरून यायला लागले, आणि माझ्या आतड्यात कुठेतरी ती जुनी आशा हलली. पाठ वळव, तन्मय. भिंतीकडे तोंड कर. रड.

तेवढ्यात त्याची अंगठी हिरवी झाली.

घरात बायकोशी भांडण न करणे. घरी आल्यावर दोघांचा वाद अंगठीला ऐकू आला नव्हता, म्हणजे दिवस पार पडला. भांडायला बायकोच नव्हती.

त्याचा ओठ थरथरायचा थांबला. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं होतं, ते तसंच राहिलं, आणि त्याच्या कडेने ते हसू उगवलं. हळूहळू तोंडभर पसरलं. तो पाटावर बसला आणि ताट पुढे ओढलं.

"वाढ ना, आई. आज बरं वाटतंय."

मी त्याच्यासमोरचं ताट उचललं, बाहेर जाऊन गाईपुढे ठेवलं, आणि चपला घालून देवळात निघाले. कीर्तन नव्हतं त्या दिवशी. रिकाम्या सभामंडपात मी भिंतीला टेकून बसले, आणि दिवे शांत होईपर्यंत उठले नाही.